दारावरून

ताईनं आपल्याला पाहिलं, नक्की पाहिलं, आणि पाहून ती रंगाच्या दुकानात शिरली, ही गोष्ट काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. भर दुपारची वेळ होती. एका गिऱ्हाइकाच्या घरच्या खिडक्यांची मापं घेऊन ती नुकतीच खाली उतरली होती. पडद्यांच्या दुकानात तिचं कामच ते. लोकांच्या घरी जायचं, स्टुलावर चढायचं, चौकटीला टेप लावायची आणि गिऱ्हाईकबाई फिकट निळा की गडद निळा यात गटांगळ्या खात असताना तोंड मिटून उभं राहायचं. टेप अजून गळ्यातच होती. रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या गर्दीत तिला ताई दिसली. खांद्याला तीच तपकिरी पर्स, एका बाजूला जरा कललेली तीच मान. तिनं आनंदानं हात वर केला. ताईची नजर सरळ तिच्यावर आली, तिथं टेकली, आणि पुढच्या क्षणी ताईनं पाठ फिरवली. रंगाच्या दुकानात ताईचं काय काम? गाड्या थांबेपर्यंत ती एका पायावरून दुसऱ्या पायावर करत राहिली आणि मग जवळजवळ पळतच पलीकडे गेली. नेमकी तेव्हाच एका म्हातारीनं तिची वाट अडवली. एका डोळ्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली, फुटपाथच्या कडेला चाचपडत उभी. "जरा हात देतेस का गं? पायरी कळत नाही." तिनं हात दिला, म्हातारीला बाकापर्यंत नेलं, बसवलं, पण डोळे सगळा वेळ दुकानाच्या दारावर. हात सोडताना म्हातारी म्हणाली, "तुझी ती टेप लोंबतेय बघ. पायात येईल." "हो हो," म्हणून ती दुकानात घुसली. आत डब्यांच्या उतरंडी, टर्पेंटाइनचा वास आणि गल्ल्यावर पेंगुळलेला माणूस. दुकानाला मागच्या बाजूनंही दार होतं. ते उघडं होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला, रोज येतो तसा. "काय केलंस आज दिवसभर?" तिनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला पोलिसासारखा वाटला. "काय करणार? घरातच. गुडघा धरलाय पुन्हा," ताई म्हणाली, इतक्या सहज, की आपणच दुपारी दुसऱ्या कुणा बाईला हात केला असेल असं तिला घटकाभर वाटून गेलं. जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नसेल पाहिलं. त्यांना चष्मा बदलायला झालाय." "पाहिलं." "मग विचार की सरळ." "सरळ विचारायला ताई काय परकी आहे?" यावर नवऱ्यानं हातातला चमचा खाली ठेवला आणि हे वाक्य समजून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. त्याला ते जमलं नाही. तिलाही ते समजावून सांगता आलं नसतं. परक्या माणसाला सरळ विचारता येतं, कारण तो जे सांगेल त्यानं आपल्या आत काही हलत नाही. ताई खोटं बोलली तर मग खरं कोण बोलणार? लहानपणी दवाखान्यात सुई टोचायच्या आधी सगळी मोठी माणसं म्हणायची, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल. ताई एकटी म्हणायची, "दुखेल. माझा हात दाब." आई घरातून गेली तेव्हा ताई स्वतःच शाळेत जाणारी पोर होती आणि ही तर इतकी लहान, की आईचं म्हणून तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं, ना चेहरा, ना वास, ना आवाज. 'गेली' एवढाच शब्द घरात होता. मेलेल्या माणसालाही तोच शब्द लावतात, म्हणून कितीतरी वर्षं आई मेलीच आहे असं ती धरून चालली होती. मग एकदा भांडणाच्या भरात मामी बोलून गेली की तुझी आई मेलीबिली नाही, स्वतःच्या पायांनी चालत गेली. त्या दिवशी शब्द तोच राहिला आणि त्याचा अर्थ मात्र बदलला. ती धावत ताईकडे गेली होती. ताई कणीक मळत होती. "खरं आहे का गं?" "खरं आहे," ताई म्हणाली. "कुठं गेली?" ताईनं कणकेचा गोळा उलटा केला आणि म्हणाली, "वेणी सुटलीय तुझी. इकडे ये." आता इतक्या वर्षांनी तिच्या ध्यानात आलं, की त्या प्रश्नाला ताईनं उत्तर दिलंच नव्हतं.

तो सगळा आठवडा तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका दिवाणखान्याचा पडदा तिनं हातभर आखूड बेतला. दुकानाचा मालक तो उचलून धरत म्हणाला, "बाई, खिडकी वाढली म्हणायची का?" ती हसली नाही. रात्री कूस बदलताना, सकाळी दात घासताना, लोकांच्या परक्या खोल्यांत स्टुलावर उभी असताना तिला तेच दिसायचं, ताईची वळलेली पाठ. पाठीला चेहरा नसतो म्हणून ती अधिक बोलत होती. ताई आजारी असेल का? कुणी माणूस असेल का? या वयात? असला तर आनंदच आहे, पण आपल्यापासून लपवायचं? मग शुक्रवारी ताईनंच फोनवर विचारलं, "रविवारी येतेस? बाबांच्या गोल वाटेनं जाऊन येऊ." "तुझा गुडघा?" "गुडघ्याचं मी बघते. येतेस का ते सांग."

बाबांची गोल वाट म्हणजे शहराबाहेर बस ज्या पुलापाशी थांबते तिथून निघायचं आणि जंगल, ओढा, एक गाव, पुन्हा ओढा, दुसरं गाव आणि टेकडी असा फेरा घालून संध्याकाळी त्याच पुलाशी यायचं. थंडी पडायला लागली की वर्षातून एकदा बाबा दोघींना घेऊन ही वाट चालत. बाबा वीजकंपनीत नोकरीला होते, एरवी फार न बोलणारे, सुट्टीच्या दिवशी रेडिओ उघडून त्याची आतडी बाहेर काढून बसणारे. पण त्या दिवशी पहाटेपासून त्यांचं चित्र वेगळं असे. अंडी उकडायचे, पाव कापायचे, मुलींना धुतलेले, इस्त्रीचे कपडे घालायला लावायचे. जंगलात चालायला इस्त्री कशाला, असं तिनं कधी विचारलं नव्हतं. तिच्या लेखी तो वर्षातला सगळ्यांत सुखाचा दिवस होता. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला तिनं पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट हीच होती, आणि त्यालाही ती इतकी आवडली होती, की तो म्हणाला होता, माझ्या बापानं मला कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नेलं नाही.

रविवारी बसमध्ये दोघी हवापाण्याचं बोलल्या. पुलावरून खाली उतरून झाडांत शिरल्यावर तेही संपलं. ताई पुढे, ती मागे. वाट अरुंद होती आणि वाळलेल्या पानांचा थर इतका जाड की पाऊल टेकलं तरी टेकल्यासारखं वाटेना. वरून ऊन तुकड्यातुकड्यांनी पडत होतं आणि ताईच्या पाठीवरून सरकत होतं. पुन्हा पाठच. आता विचारावं, त्या वाकलेल्या झाडापाशी पोहोचलो की विचारू, असं ती ठरवी. झाड मागे पडे. पहिला ओढा दगडांवरून ओलांडताना ताईनं सवयीनं मागे हात केला आणि तिनं तो सवयीनं धरला, आणि पलीकडे गेल्यावर दोघींनी जरा घाईनंच सोडला. पहिल्या गावात कुत्री भुंकली, एका अंगणात कुणी बाई चादरी वाळत घालत होती, एका पोराचं रडणं भिंतीआडून ऐकू आलं. गाव संपलं. तिला वाटलं, ताई गुडघ्याबद्दलही खोटंच बोलली होती. इतकी सराईत चाल दुखऱ्या गुडघ्याची नसते. ही वाट ताईच्या पायाखालची आहे. कुठं चिखल आहे, कुठं मूळ वर आलंय, हे न बघता तिला कळतंय. आपण दोघी या वाटेला शेवटच्या आलो त्याला किती वर्षं झाली? बाबा गेले त्याच्याही कितीतरी आधीची गोष्ट. मग हे पाय कधी शिकले?

दुसऱ्या ओढ्याला पाणी जास्त होतं. ताई एका दगडावर बसली, बूट-मोजे काढले आणि पाण्यात पाय सोडून म्हणाली, "त्या दिवशी मी तुला पाहिलं." "माहितीये." "दुकानाच्या मागच्या दारानं गेले मी. गल्लीत उभी राहिले चोरासारखी." ताई पाण्याकडेच बघत म्हणाली, "एकटी नव्हते. आई होती बरोबर. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, पट्टी बदलायला नेली होती." ओढ्याचा आवाज एकदम फार मोठा झाला. तिला वाटलं, आपल्याला चुकीचं ऐकू आलं. मग तिचा उजवा हात, तिच्या परवानगीवाचून, जरासा उघडला. त्याला आठवलं होतं. कोरडा, हलका, ऊबदार हात. पायरी कळत नाही म्हणणारा. "ती म्हातारी..." "हो." "मी तिला बाकावर बसवलं." "सांगितलं तिनं मला." "मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही ताई! मी तुला शोधत होते!" ती हे ओरडून बोलली होती. कुठल्याशा झाडातून दोन पाखरं फडफडत उडाली.

मग ताईनं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही, जणू पाठ केलेलं होतं आणि मधे खंड पडला तर विसरेल. आई ज्याच्याबरोबर गेली तो लाकडाच्या वखारीचा मालक होता, पुढच्याच गावचा. बाबांनी भांडण केलं नाही, कोर्टकचेरी केली नाही. आईनं निरोप पाठवला, मुलींना कधीतरी बघू द्या. बाबांनी उलट निरोप दिला, वर्षातून एकदा मी त्यांना तुझ्या दारावरून नेईन. नुसतं जायचं. तू बाहेर यायचं नाही, हाक मारायची नाही. खिडकीतून काय दिसेल ते बघ. "तुला कधीपासून माहीत?" "पहिल्या वर्षापासून. मी ओळखलं ना तिला, पडद्याआड होती तरी. बाबांनी माझा दंड असा धरला होता, वळ उठले होते. म्हणाले, धाकटीला कळता कामा नये." वखारवाला मेला तेव्हापासून ताई आईकडे येत होती. वर्षं झाली त्याला. महिन्यातून एकदा, कधी दोनदा.

ती उठली आणि पाण्यातून, बुटांसकट, पलीकडे गेली. ताई मागून "अगं बूट!" म्हणाली ते तिला ऐकू आलं, पण तिला थांबवेना. ओल्या बुटांचा पचपच आवाज करत ती चढण चढत राहिली आणि तिच्या सुखाचा तो एकुलता दिवस तिच्या डोळ्यांसमोर उलटा होत गेला, शिलाई उसवून अस्तर वर यावं तसा. म्हणून ती इस्त्री. म्हणून गावाच्या तोंडाशी बाबा दोघींची तोंडं ओल्या रुमालानं पुसत. जंगलात भराभर चालणारे बाबा त्या गावात शिरले की एकदम रेंगाळायचे, तिला म्हणायचे, आता ते शाळेतलं गाणं म्हण बघू, मोठ्यानं. आणि एका हिरव्या फाटकासमोर हटकून म्हणायचे, "बुटाची नाडी सुटलीय तुझी. बांध." ती वाकून बघायची तर नाडी घट्ट असायची. "घट्ट आहे बाबा." "तरी पुन्हा बांध. सावकाश." ती उकिडवी बसून सावकाश नाडी सोडायची, सावकाश बांधायची, आणि बाबा दुसरीकडे कुठंतरी बघत उभे असायचे. केवढं प्रेम वाटायचं तिला त्या क्षणी बाबांचं, माझ्या नाडीसाठी थांबतात म्हणून! आता तिला त्यांची लाज वाटावी की दया यावी की राग, ते कळेना. तिन्ही भावना आलटून पालटून येत होत्या आणि एकही टिकत नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांना, ताईला, त्या खिडकीला. बाहुलीसारखी दाखवली गेलेली एकटी तीच, गाणं म्हणत चाललेली.

हिरवं फाटक आता हिरवं राहिलं नव्हतं, गंजून तांबूस झालं होतं. ते दिसलं तेव्हा ती थांबली. पुढे जायचं तर जाता येत होतं. वाट घरावरून तशीच टेकडीकडे जात होती. ताई धापा टाकत मागून आली. "तुझ्यावर जबरदस्ती नाही," ती म्हणाली. "तू चालत राहिलीस तर मीही चालेन. तिला सांगितलेलं नाही मी, की आज आणतेय म्हणून." हेही खोटं असेल का, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात यावं याचंच तिला इतकं वाईट वाटलं की तिनं फाटक ढकललं.

म्हातारी अंगणात खुर्चीवर बसून संत्रं सोलत होती. पट्टी निघाली होती. दोघींना बघून ती उठली नाही, दचकलीही नाही. आधी ताईला म्हणाली, "पुन्हा भिजलीस ना? किती वेळा सांगितलं, वरच्या बाजूनं ओलांड. ऐकेल तर शपथ! टॉवेल घे आतला." आणि ताई, जिनं आयुष्यभर सगळ्यांना टॉवेल दिले ती ताई, तोंड फुगवून म्हणाली, "पाय फक्त भिजलेत, आई. लगेच ओरडू नकोस ना." तो आवाज तिनं यापूर्वी कधी ऐकला नव्हता. केस पांढरे झालेल्या ताईच्या आत कुठंतरी तो इतकी वर्षं घडी करून ठेवलेला होता. ताई टॉवेल घेऊन आली आणि खुर्चीशी खाली पायरीवर बसली, आणि म्हातारीनं न बघताच संत्र्याची एक फोड तिच्या तोंडाशी नेली, आणि ताईनं तोंड उघडलं.

"बस," म्हातारी तिला म्हणाली. ती उभीच राहिली. बोलायला तिच्याकडे हजार गोष्टी होत्या आणि त्यातली एकही तोंडात येईना. "त्या दिवशी तुम्ही मला ओळखलंत?" तिनं विचारलं. तुम्ही म्हणावं की तू, हे तिनं ठरवलं नव्हतं; ते तोंडातून गेलं. "ओळखलं. म्हणून तर हात मागितला. पायरी दिसत होती मला." म्हातारीनं संत्र्याची शीर ओढून काढली. "रागाव. मी काही म्हणणार नाही." "एकदा तरी हाक मारायची," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदा! दारावरून जात होते मी." म्हातारीचे हात थांबले. "मारली होती," ती म्हणाली. "तू सात-आठ वर्षांची असशील. तुझ्या बाबांचं आणि माझं ठरलं होतं ते मोडलं मी. खिडकी उघडून चांगली मोठ्यानं हाक मारली, घरात तुला ज्या नावानं हाक मारायचे मी, त्याच नावानं. बाबा जागच्या जागी थबकलेले मला इथून दिसले. ताई वळली. तू नाही वळलीस. चालत राहिलीस गात. त्या नावाची मुलगी तुला माहीतच नव्हती." तिनं ताईकडे बघितलं. ताईनं मान खाली घातली, म्हणजे ते खरं होतं. "काय नाव होतं?" तिनं विचारलं. म्हातारी तिच्याकडे बघत म्हणाली, "आता नको. आता ते तुला लहान होईल."

कोंबड्या अंगणभर पाय खरडत होत्या. बराच वेळ तिला तिथं उभं राहवलं, आणि मग एकदम राहवेना. "मी निघते," ती म्हणाली. ताई ताडकन उठायला गेली, गुडघ्यावर हात ठेवून अर्धी उठलीही. गुडघा खरंच धरलेला होता. पायांना टॉवेल गुंडाळलेली, ओठाच्या कडेला संत्र्याचा रस, डोळ्यांत भीती. भीती कशाची हे तिला दिसलं. आपल्याला आता दोन घरांतलं एक निवडायला लावतात की काय, अशी ती पोरसवदा भीती होती. मला का सांगितलं नाहीस, हा जो प्रश्न ती सगळी चढण तोंडात धरून आली होती त्याचं उत्तर तिला पायरीवर बसलेलं दिसलं. जगात ही एकच जागा होती जिथं ताई कुणाचीतरी लहान होती, आणि तिनं ती कुणाला वाटून दिली नव्हती. "तू बस," ती म्हणाली. "पाय वाळू देत. मी होते पुढे." म्हातारीला तिनं नमस्कार केला नाही की येते म्हणाली नाही. फाटक मात्र तिनं आपटलं नाही. हळूच, कडी न वाजवता लावलं.

उरलेला अर्धा फेरा तिनं एकटीनं पुरा केला. टेकडीवर वारा होता, उतरणीला पुन्हा जंगल. बोटांना ओले मोजे काचत होते. मधेच ती मोठमोठ्यानं बोलायला लागली, बाबांशी, मग त्या बाईशी, मग दुकानाच्या मालकाशीही, ज्याचा यात काही संबंध नव्हता. एकदा रडू आलं आणि थोडंसंच येऊन थांबलं, शिंक अर्धवट राहावी तसं. आपल्याला हलकं वाटायला हवं, असं तिला वाटत होतं आणि वाटत नव्हतं. पुन्हा येईन का? येणार नाही. येईन, पण तिच्यासाठी नाही. मग कुणासाठी? ती अमुक नावाची मुलगी कुठं असेल आता? पाय चालत होते म्हणून बरं होतं. ते थांबले असते तर तिचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

पुलापाशी पोहोचली तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं आणि शेवटची बस इंजिन चालू ठेवून उभी होती. आत चारदोन माणसं. मागच्या वाटेवर कुणी नव्हतं. ती दारात गेली, एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा उचललाच नाही. "बाई, चढा तरी नाहीतर उतरा तरी," ड्रायव्हर म्हणाला. "माझी बहीण यायचीय." "कुठवर आलीय?" "माहीत नाही." "मग मी काय इथंच मुक्काम करू?" "करा," ती म्हणाली, आणि दांडा आणखी घट्ट धरला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, लोक माना काढून बघायला लागले, कुणीतरी पुटपुटलं. तिनं कुणाकडेही बघितलं नाही. येईल का ती? की तिथंच राहील आज, तिथंच झोपेल, सकाळी तिची वेणी घातली जाईल? राहिली तर राहू दे, असं ती मनाला सांगत होती आणि मन ऐकत नव्हतं. मग झाडांच्या सावलीतून तपकिरी पर्स दिसली, मग कललेली मान, मग ताई, लंगडत, एका हातात संत्र्यांची पिशवी. बस उभी दिसताच ताई पळायला लागली.

"पळू नकोस गं!" ती तिथूनच ओरडली. "सावकाश ये! धरून ठेवलीय मी."